दुखण्याची कारणं

२१ जून

नाहीद मॅडमनी सांगितलं म्हणून लिहायला घेतलंय. त्या समुपदेशक आहेत, चंद्रपूरहून येतात. काल मूलला, आमच्या तालुक्याच्या गावी, सिकलसेलच्या रुग्णांचा मेळावा होता. आई मला दर वर्षी नेते, कारण तिथे गोळ्या मिळतात आणि शेवटी पुलाव असतो. यंदा गोळ्या, पुलाव आणि वर आशावाद.

मॅडमचं म्हणणं असं, की काही दुखलं किंवा बिनसलं की आपण मनात लगेच एक कारण ठरवून टाकतो. ते कारण लिहायचं. मग स्वतःला विचारायचं: हे कायमचं आहे का? हे माझ्या सगळ्या आयुष्याला लागू आहे का? दुसरं काही कारण असू शकतं का? असा विचार करायला शिकलेली माणसं औषध वेळेवर घेतात, चालतात-फिरतात, कामधंद्यात टिकतात म्हणे. मी मनात म्हटलं, बाई, विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी असल्या प्रश्नांनी सरळ होत नाहीत.

नंतर त्यांनी एकेकीला बाजूला बोलावलं. मला विचारलं, "नंदिनी, रक्त कितीदा चढवलं?"

"एकदाही नाही."

"अ‍ॅडमिट?"

"नाही. आई फार काळजी घेते."

"डोळे कधी पिवळे झाले?"

"नाही."

त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मला राग आला. कमी आजारी असल्याचा कोणी आरोप करावा तसं वाटलं. माझा भाऊ चंदन याच आजाराने एकोणिसाव्या वर्षी गेला. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि आईच्या मेहनतीने अजून आहे. हे त्यांना कसं सांगायचं?

२४ जून

गुडघे आणि कंबर दुखतेय. कारण: हवा ओली झाली, क्रायसिस, म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याचा झटका, येणार. कायमचं आहे का? हो. सगळ्या आयुष्याला लागू? हो. दुसरं कारण? नाही. दिवसभर तर मांडी घालून एका जागी बसले होते, कशाला हातसुद्धा लावला नाही. लग्नाच्या ऑर्डरच्या साड्यांना मणी लावत होते फक्त.

आईने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. तेवढ्यात शेजारची रिना आली. तिच्या टोळीला रोवण्यासाठी, म्हणजे भातलावणीला, बायका कमी पडतायत. दाराशीच उभी राहून म्हणाली, "नंदाले पाठवता का वं काकू?"

आई उसळली. "थंड्या चिखलात? मारून टाकतेस का माही पोट्टी?"

"मी कायले मारू बापा? पण बसून बसून तिचे हाडं गंजून राह्यले."

रिना गेल्यावर आई बराच वेळ तिला नावं ठेवत होती. मीही ठेवली.

३० जून

एक चांगली गोष्ट लिहा म्हणाल्या होत्या, म्हणून लिहिते. सिकलसेलच्या रुग्णाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, हे मला माहीत होतं, पण कधी मनावर घेतलं नव्हतं. नाहीद मॅडमना फोन करून विचारलं. प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी भरतीत राखीव जागेवर अर्ज करता येईल. टेबलावर बसून करायची नोकरी. बी. ए. झाल्यापासून मी मणीच लावतेय. बाबा राईस मिलमध्ये मशीनवर आहेत, तेही आता थकलेत. ही नोकरी मिळाली तर माझं काही खरं आहे.

मॅडम म्हणाल्या, प्रमाणपत्रासाठी रक्ताची नवी तपासणी लागेल. तुझं लाल कार्ड घेऊन ये. रुग्णाला लाल कार्ड असतं, नुसत्या वाहकाला पिवळं. मी म्हटलं, माझं हरवलंय. चंदनचं आहे.

"ठीक आहे. तू ये," म्हणाल्या.

आईला नवी तपासणी पसंत नाही. "वीस वर्साचे जुने पेशंट आपण. कितीदा रक्त काढतेत?" गावात तपासणीचं शिबिर आलं की ती दारातूनच त्यांना हे सांगून परत पाठवते.

९ जुलै

बाबांबरोबर चंद्रपूरला जाऊन रक्त दिलं. आईने पाण्याच्या तीन बाटल्या, स्वेटर आणि कानटोपी दिली होती. जुलैत. बसमध्ये स्वेटर घातलेली मी एकटीच.

१७ जुलै

निकाल आला.

आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

डॉक्टर तरुण होत्या. म्हणाल्या, "प्रमाणपत्र नाही मिळणार तुम्हाला. तुम्ही वाहक आहात. आजार नाही."

मी म्हटलं, "पुन्हा बघा."

"दोनदा केली तपासणी. नाहीद मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, नीट बघा म्हणून."

"पण मला दुखतं."

"काय काम करता?"

"साड्यांना मणी लावते. खाली बसून."

"किती वेळ?"

"दिवसभर."

"मग मधून मधून उठत जा," म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मधून मधून उठत जा. वीस वर्षांच्या आजाराला एवढंच औषध.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "मग चंदनले? लाल कार्ड होतं त्याचं." त्या म्हणाल्या, "त्याचं काय ते मी सांगू शकत नाही. पण लाल कार्ड होतं म्हणता, तर त्याला आजार होता."

मूलच्या स्टँडवर उतरल्यावर बाबा एका जागी थांबले. लोक त्यांना धक्के देऊन पुढे जात होते. मग म्हणाले, "तुह्या परीक्षा होत्या, बेटा."

मला काही कळेना.

"शाळेतल्या शिबिरात तुम्हा दोघाइचं रक्त खराब निघालं. दुसऱ्या तपासणीले चंद्रपूरले आणा म्हणले. तुह्या परीक्षा होत्या. मी चंदनलेच घेऊन गेलो. त्याचं लाल कार्ड आलं. आमी म्हटलं, एका मायबापाचे लेकरं. त्याचं जे हाये, तेच हिचं असन."

शाळेतली तपासणी फक्त रक्तात सिकल आहे की नाही एवढंच सांगते. रुग्ण की वाहक, हे दुसरी तपासणी सांगते. ती माझी झालीच नाही. माझं कार्ड हरवलं नव्हतं. ते कधी नव्हतंच.

१८ जुलै

मी आजारी नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. चोरी केल्यासारखं वाटलं.

१९ जुलै

आई मानत नाही.

"मशीन बिघडली असन."

"दोनदा केली, आई."

"दोनदा बिघडली असन. तुले दुखते का नाई दुखत?"

"दुखतं."

"मंग?"

तिने नेहमीसारखं पाणी कोमट केलं, फोलिक अ‍ॅसिडची गोळी तळहातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मी गिळली. कशासाठी गिळली, माहीत नाही.

बाबा मिलमधून आले आणि जेवले नाहीत. आई त्यांना म्हणाली, "तुमीबी आता डॉक्टरचंच ऐका." त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

२३ जुलै

नाहीद मॅडमचा फोन. मला वाटलं, अभिनंदन करतील. केलं असतं तर मी फोन ठेवून दिला असता. त्या म्हणाल्या, "धक्का आहे हा. छोटा नाही. बसू दे त्याला."

मी विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?"

"शंका होती. शंकेवर मी कोणाला बरं करत नाही."

मग मी त्यांना चंदनबद्दल सांगितलं. त्याला क्रायसिस यायचा तेव्हा तो गादीवर मुटकुळं करून पडायचा आणि ओठ दाबून हसायचा. "ताई, तू अन् मी एका पार्टीचे. बाकी सगळे विरोधी पक्ष." त्याच्या हाडांत काच फिरायची. मला बसून बसून रग लागायची. मी त्याच्या शेजारी पडून म्हणायचे, मलाही तसंच होतंय. तो म्हणायचा, "मग तर तुले मालूमच हाये."

मला काही मालूम नव्हतं. त्याच्या पार्टीत मी खोटीच होते, आणि आता तो एकटा पडलाय.

मॅडम म्हणाल्या, "त्याला शेजारी कोणी होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग तेवढं तरी खरं लिही."

लिहिलं.

२७ जुलै

राग आता येतोय. टप्प्याटप्प्याने येतोय. शाळेची सहल मार्कंड्याला गेली, मला पाठवलं नाही, वैनगंगेचं पाणी थंड असतं म्हणून. मैदानावर मी कायम मास्तरांच्या खुर्चीजवळ बसून बाकीच्यांच्या चपला राखल्या. सिंदेवाहीहून एक स्थळ आलं होतं, मुलगा कृषी केंद्रात होता, पिवळंसुद्धा कार्ड नव्हतं त्याचं. आईने त्याच्या आईला चहा दिला आणि म्हणाली, "आमची पोरगी जास्त दिवसाची नाई." मी पडद्यामागे होते. तेव्हा मला आईचं कौतुक वाटलं होतं, किती प्रामाणिक म्हणून.

मॅडमचे प्रश्न आज उलटे करून बघितले. हे सगळं गेलं ते कायमचं गेलं का? काही गेलं. सहल गेली. सगळंच गेलं का? माहीत नाही. मी कधी पळून बघितलेलं नाही. मला पळता येतं का, हेच मला माहीत नाही. एकोणतीस वर्षांच्या बाईला आपल्या पायांबद्दल एवढीही माहिती नसावी!

१ ऑगस्ट

आई दळण आणायला गेली आणि मी रिनाच्या टोळीबरोबर निघाले. रिनाने फक्त साडी कशी खोचायची ते दाखवलं.

बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाय टाकला तेव्हा गुडघ्यापर्यंत गार चिखल चढला आणि मी ओरडले. मला वाटलं, आता इथेच क्रायसिस येणार. बायका थांबल्या.

"काय झालं वं? साप?"

"थंड आहे."

एवढी हसली टोळी, की बांधावरची बगळ्यांची रांग उडाली. एक म्हातारी म्हणाली, "मंग काय गिझर लावू का चिखलाले?"

दुपारपर्यंत रोवलं. वाकायचं, मुठीतली चार रोपं चिखलात खोचायची, एक पाऊल मागे. माझी रांग बैलाच्या मुतासारखी वाकडी गेली. रिना म्हणाली, "काई नाई, धानाले सरळ-वाकडं समजत नाई." पुढे सगळ्या निघून गेल्या की मी मागे एकटी राहायचे, मग कोणीतरी माझ्या रांगेत शिरून भर घालायची आणि वर टोमणा मारायची, "नंदाबाई, उभी काऊन? सत्कार हाये का तुहा?"

मला हे आवडलं, असं लिहायला भीती वाटतेय.

घरी आले तेव्हा आई दारात होती. माझे पाय चिखलाने भरलेले बघितले आणि चुलीवर पाणी ठेवायला गेली.

२ ऑगस्ट

उठता येत नाही. कंबर, मांड्या, पोटऱ्या, बोटंसुद्धा. हाच तो. हाच क्रायसिस. चंदन असाच मुटकुळं करायचा. मशीन चुकली होती, डॉक्टर चुकल्या, आई बरोबर होती. मी मरणार. एका दिवसाच्या हौसेसाठी मरणार.

आईने दोन ब्लँकेटं घातली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. घाबरली होती, पण वीस वर्षं धरून ठेवलेली वस्तू परत हातात आल्यासारखीही दिसत होती. "बाबाले फोन लाव, गाडी पाहा," असं कोणाला तरी ओरडून सांगत होती.

(संध्याकाळी)

गाडी यायच्या आधी रिना आली. भिंत धरून, वाकून, म्हातारीसारखी चालत. "काकू, झंडूबाम हाये का? माही कंबर गेली."

आई म्हणाली, "तुले काय झालं?"

"काय होन? काल रोवणा नाई का केला? पहिल्या दोन दिवसी सगळ्याइचीच मरते. ते गिझरवाली बुडी तं आज रांगून राह्यली." मग माझ्याकडे बघून, "तुलेबी लागलं का? मंग ब्लँकेट कायले? उठ, चाल थोडी. पडशीन तं जास्त जखडशीन."

मी अंथरुणात पडूनच विचारलं, "तुला इतकं दुखतं? दर वर्षी?"

"हो नं."

"मग काय करता?"

"काय करतो? दुखते. मंग राह्यते."

मी उठून बसले. निरोगी माणसांनाही इतकं दुखतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, बाकीच्या बायकांना काही होतच नाही, म्हणून त्या शेतात जातात. निकालाच्या दिवशी बसला नव्हता एवढा धक्का मला आज बसला. तिला झंडूबाम दिला. तिने माझ्या कमरेला लावला, मी तिच्या. आई बघत होती.

कारण: रोवणा. कायमचं आहे का? रिना म्हणते, दोन दिवस.

५ ऑगस्ट

राहिलं. खरंच राहिलं. परत गेले.

२० ऑगस्ट

राखीव जागा तर गेली. खुल्या स्पर्धेत टेबलाची नोकरी मिळेल, एवढा माझा अभ्यास नाही. वनरक्षकाची भरती निघतेय. मुलींना तीन किलोमीटर पळायचं असतं. वयात बसते, यंदा आणि पुढच्या वर्षी. अर्ज भरला. बाबांनी मोबाईल धरला, मी भरला. आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"धावनं?"

"हो."

"तू?"

एवढंच. मग सुपातले खडे बाजूला काढताना तांदूळच बाहेर टाकत बसली.

नाहीद मॅडमनी बजावलं: वाहक असलीस तरी उन्हात अति करायचं नाही, पाणी भरपूर, थांबावंसं वाटलं तर थांबायचं. मी म्हटलं, "तुमचा आशावाद कुठे गेला?" त्या म्हणाल्या, "पाण्याच्या बाटलीत."

१५ सप्टेंबर

मॅडमनी मूलच्या रुग्णांच्या गटात बोलवलं होतं. जायचं नव्हतं. खऱ्या आजारी लोकांत काय तोंड घेऊन जायचं? तरी गेले. मी वाहक निघाले हे मॅडमनी सांगितल्यावर मागच्या रांगेतली करिश्मा म्हणाली, "लॉटरी लागली बाई तुले." सगळे हसले, पण मला जमिनीत जावंसं वाटलं.

करिश्माला खरं लाल कार्ड आहे. दोनदा आयसीयूत जाऊन आली. झेरॉक्सचं दुकान चालवते. चहाच्या वेळी मी तिला विचारलं, ते तीन प्रश्न तुझ्या काय कामाचे? तुझं तर कायमचंच आहे.

ती म्हणाली, "कायमचं हाये, मान्य. पण सगळीकडं नाई नं. दुखते पायात, अन् आधी मी डोक्यालेबी सुट्टी देऊन टाकत होती. आता नाई देत. गोळी टायमावर खातो, दुकान टायमावर उघडतो. मागच्या साली दवाखान्यात भरती व्हावं नाई लागलं." मग म्हणाली, "तू जीव जाईपर्यंत नको धावू वं. पण धाव. आमच्यातली एक तं सुटली, पाहू दे कुठवर जाते."

घरी येऊन बराच वेळ बसून होते. मग उठले. डॉक्टरांनी सांगितलंय तसं.

४ ऑक्टोबर

सकाळी उजाडायच्या आत रस्त्याने पळू नका, अशी वनखात्याची दवंडी आहे. वाघीण पिल्लं घेऊन कॅनॉलजवळ फिरतेय. त्यामुळे वनरक्षक व्हायला निघालेल्या आम्ही पाच मुली वाघाच्या भीतीने शाळेच्या पटांगणात गोल गोल फिरतो.

पहिल्या फेरीत उलटी झाली. कारण: पोहे खाऊन आले होते.

आई रोज पटांगणाच्या भिंतीबाहेर उभी असते. म्हणते, सरपण पाहायला आले. तिथे सरपण नाही.

१४ डिसेंबर

नापास झाले.

आई हट्टाने चंद्रपूरला बरोबर आली. स्वेटर, बाटल्या, ग्लुकोज. शिट्टी वाजली आणि मी सगळ्यांच्या पुढे पळाले. पहिली फेरी मी सगळ्यात पुढे होते! आयुष्यात कधी कशात पुढे नव्हते, त्यामुळे कसं थांबायचं तेच कळेना. मग श्वास संपला. शेवटची फेरी पाय ओढत आले. आत आले तेव्हा घड्याळवाल्या साहेबांनी मान हलवली. थोडक्यात राहिलं.

गवतावर पडून रडले. मग लक्षात आलं, मी कारण शोधतेय आणि रक्ताचं नाव मनात आलेलंच नाही. सुरुवातीला जास्त पळाले. सराव कमी पडला. एवढंच कारण. मला हसू आलं, आणि बाजूची मुलगी मला वेडी समजून सरकून बसली.

आई दिसेना. शोधलं तर ती दुसऱ्या तालुक्यातल्या मुलींच्या एका मास्तराला धरून उभी. "पुढल्या सालीची भरती कवा हाये? उमर तं बसते हिची. तुमच्याइथी शिकवाले किती दिवस ठेवता?" मला इतकी लाज वाटली, की मी तिला हाताला धरून ओढतच बाहेर आणलं.

बसमध्ये बसल्यावर तिने सुरू केलं. "सुरुवातीले काऊन तेवढी पळाली?"

"जमत होतं म्हणून."

"त्या लाल ओढणीवाल्या पोरीनं कसं केलं? मांगून जोर धरला. मी पाहून राह्यली होती नं."

"तुला पळण्यातलं काय कळतं, आई?"

"मले नाई कळत? दोन महिने भिंतीबाहिर उभी राह्यली, मले नाई कळत? चवथ्या फेरीत तुहा दम जाते, रोजच जाते. सांगू सांगू करत होती, म्हटलं आता समजन, मंग समजन."

"मग सांगायचं होतं!"

"ऐकतेस का तू? एवढी धडधाकट पोट्टी, हत्तीवानी पाय देले देवानं, अन् डोकं वापराले नको!"

पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. कंडक्टर हसत होता. मी म्हटलं, हळू बोल. ती हळू बोलली नाही. मी खिडकीकडे तोंड करून बसले, तरी मूल येईपर्यंत ती थांबली नाही.